दुसरा बार

शूटिंग सुरू होण्याआधी खळ्यावर काय काय होतं ते मी वहीत उतरवून घेतलं. वेताची खुर्ची, एक. खुर्चीत माझे आजोबा, निवृत्त सुभेदार पूवय्या, वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही त्यांना अज्जय्या म्हणतो. अंगावर जुना गणवेश, वरून दुसरं बटण नवं. छातीवर पदकं सात, डावीकडून तिसरं जरा तिरकं. मांडीवर आडवी एकनळी बंदूक, एक. खिशात बिनगोळीची काडतुसं, दोन. मागे वाळत घातलेल्या कॉफीच्या फळांचे पट्टे नऊ. त्यांतले सहा तांबडे, तीन काळे पडू लागलेले. कोंबड्या चार. खुर्चीची सावली खळ्याच्या सिमेंटमधल्या तिसऱ्या सांध्याला टेकलेली. वेळ दहा वाजून दोन मिनिटं.

एकच प्रसंग दोनदा घ्यावा लागला तर सगळं होतं तसंच दिसावं, म्हणून ही मोजणी. हे काम मला बिद्दप्पाने दिलं होतं. बिद्दू माझा चुलतभाऊ, बंगळुरात वाढलेला, सिनेमाचं शिक्षण घेतलेला. "एमएस्सी करून माती मोजतेस, आता चार दिवस कोंबड्या मोज," म्हणाला. त्याच्याबरोबर कॅमेरा चालवायला जोएल आला होता, मंगळूरचा. बावीस मिनिटांचा सिनेमा आणि त्याचे नायक अज्जय्या.

त्यांची गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. एकाहत्तरच्या डिसेंबरात, पश्चिम सीमेवर, एका कालव्यापलीकडे चिट्टियप्पा जखमी झाला. तो आमच्याच गावचा, अज्जय्यांहून चार वर्षांनी मोठा. अज्जय्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि गोळ्या चालू असताना सहाशे मीटर आणलं. आपल्या बाटलीतलं शेवटचं पाणी त्याच्या तोंडात घातलं. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून त्याने प्राण सोडला. शाळेत असताना मी ही गोष्ट तीनदा वक्तृत्व स्पर्धेत सांगितली आणि दोनदा कप जिंकला.

पटकथेसाठी बिद्दूला अंतराचा आकडा पक्का हवा होता, म्हणून मी अज्जय्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "पाचशे असेल." दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तर म्हणाले, "आठशे." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तू मोजायला होतीस का तिथे?" आणि पेल्यातली कॉफी तशीच टाकून उठून गेले. मी तिन्ही उत्तरं तारखेसह लिहून ठेवली. तेव्हा मला ती माझी चिकाटी वाटली होती.

चिट्टियप्पाची बायको मुद्दव्वा ओढ्यापलीकडच्या उतारावर एकटी राहते. एकच मुलगी, ती लग्न होऊन म्हैसूरला. सप्टेंबरातल्या सणाला आमच्याकडे बंदुकांची पूजा होते आणि पूजेनंतर घरातल्या पुरुषाने बंदूक उचलायची असते. तिच्या घरी पुरुष नाही. म्हणून दर वर्षी अज्जय्या जातात, तिच्या घरची बंदूक उचलतात, आणि ती पहिलं पान त्यांना वाढते. गेली त्रेपन्न वर्षं हे चाललं आहे. तिच्याकडून परत आले की अज्जय्या घरी पुन्हा जेवतात. अव्वा, म्हणजे माझी आई, त्यांच्यासाठी डुकराच्या रश्शातला वाटा काढूनच ठेवते. तिकडचं जेवण का पुरत नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही.

त्या सकाळचा प्रसंग सोपा होता. अज्जय्यांनी उठायचं, बंदूक पूर्वेकडे धरायची आणि एक बार काढायचा. आदल्या संध्याकाळी मी शेजारच्या सहा घरांत सांगून आले होते की उद्या दहाच्या सुमाराला एक बार ऐकू येईल, सिनेमासाठी आहे. मुद्दव्वाकडे गेले नाही. तिचं घर रस्त्याने तीन किलोमीटर, तिथवर आवाज जाणार नाही असं मी धरून चालले.

दहा वाजून चौदा मिनिटं आणि वीस सेकंदांनी अज्जय्यांनी बार काढला. कोंबड्या उधळल्या.

"अरे देवा, धूसर आलं," जोएल ओरडला.

"अज्जय्या, आणखी एकदा!" बिद्दू खेकसला. "लगेच! धूर आहे तोवर!"

अज्जय्यांनी तीस वर्षं हुकूम पाळलेत. त्यांनी बंदूक सांध्यात मोडून उघडली, दुसरं काडतूस सारलं आणि बार काढला. मी घड्याळ पाहून लिहिलं: बार क्रमांक २, चौदा मिनिटं एकतीस सेकंद.

तो दोनचा आकडा लिहिला आणि माझं पेन थांबलं. आमच्याकडे घरात मुलगा जन्मला की एक बार काढतात. कोणी मेलं की पाठोपाठ दोन.

अज्जय्या बंदूक खाली करून ओढ्याच्या दिशेला बघत होते. ते हळू म्हणाले, "दोन झाले."

"मस्त झालं! दुसरा अगदी झकास!" बिद्दू म्हणाला.

"गाढवा, दोन झाले," अज्जय्या म्हणाले.

ओढ्यापलीकडच्या मळ्यात कॉफी तोडणाऱ्या बायकांचं गाणं चालू होतं, ते बंद पडलं. मग कुठेतरी जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

अव्वा पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "कोण गेलं?" म्हणाली, आणि अज्जय्यांकडे बघून मटकन पायरीवर बसली. "तुम्ही तर इथे आहात."

मी फोन लावत सुटले. सकाळपासून वीज नव्हती, टॉवर अर्धामेला होता. अकरा घरांना फोन केले, चार लागले. त्या चारांतल्या दोन घरांतली माणसं आधीच निघाली होती.

दहा वाजून एकतीस मिनिटांनी उत्तय्याची जीप फाटकात शिरली. उत्तय्या अज्जय्यांचा बालमित्र. पांढरे कपडे घालून आला होता, आणि मागे त्याचा मुलगा चितेची लाकडं फोडायला कुऱ्हाड घेऊन. जीपमधून उतरताना उत्तय्या रडत होता. खुर्चीतल्या अज्जय्यांना बघून तो थांबला, उपरण्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "मेलास तरी बसूनच आहेस का रे? आडवा हो की जरा, लोक येतायत."

"उत्तय्या, चूक झाली."

"चूक झाली म्हणे! अर्ध्या वाटेत माझंच हृदय बंद पडायचं होतं. एका फेरीत दोन उरकले असते."

"पण उत्तय्यामावा, काल मी सांगून गेले होते ना, सिनेमाचा बार आहे म्हणून," मी म्हणाले.

"एक म्हणाली होतीस. एक झाला, आम्ही म्हटलं सिनेमा. दुसरा झाला, आम्ही म्हटलं, पहिल्या बाराने म्हातारा गेला."

"अकरा सेकंदांत?"

"लष्करी माणूस. उगाच वेळ घालवत नाही."

अव्वाला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मग माणसं येतच राहिली. आमच्याकडे प्रत्येक घरातून एकाने तरी यावंच लागतं, मग घरात भांडण असो की तोडणी. सव्वाअकरापर्यंत एकोणीस घरांतली त्रेचाळीस माणसं आली. सगळी पांढऱ्यात. कोणी बांबू आणले, कोणी नारळ. बोळप्पाने आमच्याशी कुंपणावरून दोन वर्षं अबोला धरला होता, तो सगळ्यांच्या आधी पायऱ्या चढून आत गेला, प्रेत कुठे ठेवलंय विचारत. बाहेर आल्यावर त्याला अज्जय्या दिसले. तो त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला, मग फाटकापाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

अज्जय्या प्रत्येकाला उठून सांगत होते, "चूक झाली. माफ करा. घरी जा, तोडणी खोळंबेल." कोणी जाईना. अव्वाने मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि कॉफी करायला घेतली. घरात तांदळाच्या भाकऱ्या सातच होत्या. ती प्रत्येक पेला देताना मान खाली घालत होती. बिद्दू सगळ्यांना पटवत फिरत होता की हा निव्वळ तांत्रिक गोंधळ आहे. त्याला एका म्हातारीने विचारलं, "तुझ्या आईने तुला बारांचा अर्थ शिकवला नाही, की बंगळुरात माणसं मरत नाहीत?"

मी खळ्याच्या कोपऱ्यात वही पोटाशी धरून उभी होते. मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मुद्दव्वा आली. चालत. जीपची वाट न बघता ती ओढ्यातून आली होती, पांढऱ्या साडीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, एका पायात चप्पल नव्हती. हातात झाकण घातलेला पितळी लोटा. एवढ्या चढात तिने तो कलू दिला नव्हता, हे मला तिच्या कोरड्या मनगटावरून कळलं.

लोकांनी वाट दिली. उत्तय्या म्हणाला, "अक्का, घाबरू नकोस. नाटक्या जिवंत आहे."

मुद्दव्वाने अज्जय्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. गणवेश, पदकं. अज्जय्या उठून सावधान उभे राहिले होते.

"जिवंत आहेस?" ती म्हणाली.

"आहे, अक्का. चूक झाली."

"मग बस. उभा का?" ती स्वतः पायरीवर टेकली. धाप ओसरल्यावर हसली. तिला पुढचे दात नाहीत. "चढताना सारखं मनात येत होतं, पोचेपर्यंत तुझं तोंड मिटतं की काय. माझ्या विहिरीचं पाणी आणलंय. तुझ्या तोंडात घालायला."

"जिवंतपणी पाणी!" उत्तय्या म्हणाला. "भाग्य आहे रे तुझं. माझ्या घरी मेल्यावर तरी देतील की नाही, शंका आहे."

लोक हसले. मुद्दव्वा उठली, लोट्याचं झाकण काढलं आणि खुर्चीपाशी आली. "आणलंच आहे तर घे. परत कशाला नेऊ? पुढच्या वेळेला मला चढवेल की नाही कोण जाणे. त्याला शेवटचं तू पाजलंस, तुला मी पाजायचं, असं मी केव्हाच ठरवून ठेवलंय. तोंड उघड."

अज्जय्यांनी तोंड फिरवलं.

"अरे, उघड की. लाजतोस काय सगळ्यांसमोर?"

"नको, अक्का."

"का नको?"

उत्तय्या काहीतरी गमतीचं बोलायला गेला आणि अज्जय्यांचा चेहरा बघून मागे सरला.

"अक्का, मी त्याला पाणी दिलं नाही," अज्जय्या म्हणाले.

मुद्दव्वाचा लोटा तसाच वर धरलेला होता. "काय?"

"मी पाणी दिलं नाही. त्याला आणलंही नाही. थोडं आणलं. मग खाली ठेवलं."

आत चुलीवर कॉफी उतू जाऊन निखाऱ्यांवर चरचरली, तरी अव्वा उठली नाही.

"खाली ठेवलंस तेव्हा जिवंत होता?" मुद्दव्वाने विचारलं. ती बाजारात भाव विचारावा तशा आवाजात विचारत होती.

"होता."

"बोलला?"

"पाणी म्हणाला."

"तुझ्याकडे होतं?"

"अर्धी बाटली होती."

"मग?"

"मी सरपटत निघालो. मागे बघितलं नाही. बांधापलीकडे पोचल्यावर प्यायलो."

"सगळं?"

"सगळं."

"त्याला कोणी आणलं मग?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या तुकडीने. तेव्हा गेलेला होता."

"साहेबांचं पत्र आलं होतं. माझ्या मुलीने मला शंभरदा वाचून दाखवलंय. पूवय्याने त्याला शक्य तितकं आणलं, असं लिहिलंय त्यात."

"ते खोटं नाही. पुढचं गावाने जोडलं. पाठीवर घेतलं, पाणी पाजलं, मांडीवर गेला. मी रजेवर आलो तेव्हा तू फाटकात उभी होतीस. तूच मला म्हणालीस, त्याला तहानलेला जाऊ दिलं नाहीस ना? मी हो म्हणून मान हलवली. तेवढंच केलं. मान हलवली. नंतर प्रत्येक वर्षी हलवत राहिलो."

"आणि माझ्या घरची बंदूक उचलत राहिलास."

"हो."

"त्रेपन्न वर्षं."

"हो, अक्का."

मुद्दव्वाने लोट्याकडे पाहिलं, झाकण शोधलं, ते तिच्याच दुसऱ्या हातात होतं. तिने ते लावलं आणि लोटा खाली सिमेंटवर ठेवला. मी बिद्दूकडे पाहिलं. तो जोएलच्या कॅमेऱ्यासमोर हात धरून उभा होता. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा चालूच होता; दुसऱ्या बारानंतर तो बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं. बिद्दूचे डोळे भरले होते आणि तो जोएलला खुणेने सांगत होता, बंद कर.

मुद्दव्वाला ते दिसलं. "चालू असू दे. खोटं घेतलंत ना? मग हेही घ्या," ती म्हणाली.

"मुद्दव्वा, आत चल, बस जरा," अव्वा म्हणाली.

"बसेन." ती अज्जय्यांकडे वळली. "किती आणलंस?"

"काय?"

"थोडं आणलं म्हणालास. थोडं म्हणजे किती? माझी मुलगी सगळ्यांना सहाशे मीटर सांगते. नातवंडं सांगतात. मला आता खरं हवंय."

"मला आकडा माहीत नाही, अक्का. कधी मोजला नाही."

"पाय तर तुझेच होते. इथे दाखव." तिने पायाने कॉफीच्या फळांचा एक पट्टा बाजूला सारला आणि खळ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. "हा तो. मी तो आहे असं समज. इथून ने."

"अक्का!" उत्तय्या म्हणाला. "त्याचं वय बघ."

"त्याचं वय झालंय. माझ्या माणसाचं झालं नाही. चल, पूवय्या."

अज्जय्या खुर्चीतून उठले. बंदूक त्यांनी माझ्या हातात दिली. मुद्दव्वाच्या पायांपाशी जाऊन ते आधी एका गुडघ्यावर बसले, मग दुसऱ्या. पुढे वाकून त्यांनी डावा हात जमिनीवर टेकवला आणि उजव्या हाताने मागे काहीतरी धरलं, कॉलर धरावी तसं. मला तोवर ठाऊक नव्हतं की पाठीवर नव्हे, ओढत नेलं होतं. ते गुडघ्यांवर पुढे सरकू लागले. पट्ट्यांमधली फळं त्यांच्या गुडघ्यांखाली फुटत होती. दर दोन हातांवर ते थांबत, डोकं खाली घालत, कशासाठी ते आम्हाला कळत नव्हतं, त्यांना कळत होतं. पदकं सिमेंटवर घासत होती. बोळप्पा फाटकातून धावत आला, त्यांना धरायला. मुद्दव्वाने हात वर करून त्याला थांबवलं.

पाचव्या पट्ट्याच्या पुढे जाऊन ते थांबले. उजवी मूठ त्यांनी हळूच उघडली.

"इथे," ते म्हणाले. मान वर न करता.

"नक्की?"

"इथे एक तुटलेली बैलगाडी होती. तिच्या चाकाआड ठेवलं. चाकाआड सावली होती."

"बरं," मुद्दव्वा म्हणाली. ती जागची हलली नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे. "कुंजी, पोरी, तू शिकलेली आहेस. मोज."

माझ्याकडे मोजायला काही नव्हतं. जोएलने कमरेची टेप काढून दिली. कॅमेऱ्यापासून चेहऱ्याचं अंतर तो तिने मोजतो. बिद्दूने एक टोक मुद्दव्वाच्या अनवाणी पायाच्या अंगठ्याशी धरलं. दुसरं टोक घेऊन मी फळांमधून चालत गेले आणि अज्जय्यांच्या उघड्या तळहाताशी गुडघे टेकले. त्यांचा हात टेपला लागत होता, तो त्यांनी स्वतःच बाजूला घेतला.

टेप मधे झोळ धरत होती, म्हणून ताणून दुसऱ्यांदा मोजलं. पहिल्यांदा तेरा मीटर वीस सेंटिमीटर, दुसऱ्यांदा तेरा मीटर अठरा. सरासरी तेरा मीटर एकोणीस सेंटिमीटर.